आवाज न करणारा चमचा

सतरा ग्रॅम.
सिंदेवाहीच्या किराणा दुकानात
विलायची मोजतात त्या काट्यावर
मीच ठेवून पाहिला.
ऋजुतानं दिलेला, टायटॅनियमचा,
मधोमध घडी पडणारा,
चमच्यालाच पुढं चार दात,
दांड्याला भोक, दोरी ओवायला.
"पाठीवर घेऊन चालायचं
तर ग्रॅमग्रॅमचा हिशोब," ती म्हणाली.
मी वनरक्षक. बीटवर रोज चौदा किलोमीटर.
मला ते लगेच पटलं.

रैनू सिडाम, आमचा वनमजूर,
बिजागरीत नख घालून पाहिलं त्यानं,
हुंगला,
कानाशी नेऊन दोनदा उघडला, मिटला.
"हुशार हाये ज्यानं केला तो.
पण हे दात कायले?
चावाचं कामबी आता चमच्यानंच कराचं का?"

बुद्धपौर्णिमा. आंबेडोहाचं मचाण.
पाण्यावर येईल त्याची रेघ तक्त्यात मारायची,
चोवीस तास.
रात्री नऊला डबे उघडले:
भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी.
ऋजुताचा पहिला घास,
आणि टण्ण.
स्टीलच्या कडेवर टायटॅनियम.
एवढासाच आवाज, पण चांदण्यात फार लांब गेला.
पलीकडच्या काठावर
पाण्याला तोंड लावू पाहणारं अस्वल
मान वर करून थांबलं
आणि आपला काळा ढीग आवरून निघून गेलं.
प्यालंच नाही, तर रेघ मारायची का?
आम्ही बराच वेळ कुजबुजत भांडलो.

रैनू भांडला नाही. जेवत होता.
त्याचा चमचा अंगठ्याएवढ्या कटांग बांबूचा.
पेराच्या पुढं अर्धा तासून पातळ केलेला,
पेराच्या मागं अख्खी नळी, तोच दांडा.
दांड्याला पळसाच्या मुळीच्या वाखाचं बूच.
बूच काढून त्यानं तळहातावर झटकलं:
मीठ, कुटलेली मिरची.
पेराची एकच भिंत,
अलीकडं मीठ, पलीकडं भात.
ऋजुता बॅटरीही न लावता
बोटानं ती भिंत चाचपत राहिली.
"वजन किती असेल?"
"मीठ भरून का मीठ संपल्यावर?"
मी म्हटलं, वरण पुढून गळतंय तुझं.
"मंग कालवून खावं लागते," रैनू म्हणाला.

पुढच्या वर्षी ती आली
तेव्हा तिच्या चमच्याच्या कडेला
सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली.
दोन ग्रॅम वाढले, तिनंच सांगितलं.
रैनूनं आपला काढला.
पुढं दोन दात कापलेले.
"लोणच्याची फोड टोचाले.
चार कायले, दोन पुरतात."

साडेदहाला अस्वल आलं.
आम्ही तिघंही तोंडात घास धरून.
ते प्यालं, पोटभर, चपचप करत,
जेवणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.
मग मी रेघ मारली.