नंबर

उजवा उणे पावणेतीन, डावा तीन.
मागच्या दिवाळीत दीड होता.
कार्डावर लिहिते : शर्विल घारे, वय आठ,
धायरी फाटा, डी विंग, तळमजला.

आई म्हणते, तुम्हीच सांगा जरा त्याला.
सगळ्याच आया हेच म्हणतात,
जणू माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात
एखादा रागीट मामा ठेवलेला असतो.

खुर्चीत त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत.
अंगठे मात्र मांडीवर चालूच,
काहीतरी उडवतायत, काहीतरी चुकवतायत.
तक्त्यावरची तिसरी ओळ :
'भ' की 'म', तो अंदाज बांधतो
आणि चुकला की विचारतो,
"अजून किती लाइफ आहेत?"

डोळ्यांना लांबचं लागतं रे, मी सांगते.
दर वीस मिनिटांनी मान वर करायची, लांब बघायचं.
"कुठे?"

खिडकीसमोर पार्किंग, पार्किंगपुढे सी विंग.
मागच्या मैदानावर सॅम्पल फ्लॅट उभा राहिलाय.
आई सातला येते, तोवर कडी आतून.
लांब म्हणजे कुठे
ते माझ्या पॅडवर छापलेलं नाही.

"गेममध्ये आहे ना लांब," तोच सांगतो.
"डोंगर आहे, त्याच्या मागे समुद्र.
चालत गेलं तर दोन रात्री लागतात.
मी तिथे मशाल लावून ठेवलीये,
हरवलो तर दिसेल."

तो समुद्र नाकापासून वीतभरावर आहे,
हे मी सांगायला हवं होतं.
मी भिंग बदललं.

मग ती जड ट्रायल फ्रेम तशीच नाकावर ठेवून
त्याला दुकानाबाहेर नेते.
पायरीवर दोन्ही हातांनी फ्रेम धरून तो उभा,
समोर सहा आसनी, टँकर, धूळ.
वर बघ. त्या होर्डिंगच्या डावीकडे. अजून वर.

सिंहगड. त्यावरचा टॉवर, काडीएवढा.

पाठीचा पोक जरासा उलगडतो.
अंगठे थांबलेत का, ते बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं.
बऱ्याच वेळाने म्हणतो,
"तिथे खरंच जाता येतं?"

अठरा किलोमीटर असेल, नसेल.
आई पर्समध्ये सुट्टे पैसे शोधत असते.
बघू, ती म्हणते.

आणि मान वर करून
तीही बघते.