कायमचे बंद

नकाशा म्हणतो, माझं दुकान कायमचं बंद आहे.
मी दुकानातच बसून वाचलं हे,
मांडीवर मिक्सरची मोटर, ओठांत दोन स्क्रू,
समोर खैरनार बाईंचा टेबलफॅन उघडा पडलेला.

उत्तमनगर, सिडको. बावीस वर्षं.
लाल अक्षरं. कुणी ठरवलं, कळायला मार्ग नाही.
'ही माहिती बरोबर आहे का?' तो मलाच विचारतो.
मी 'नाही' दाबलं. त्याने आभार मानले.
तीनदा दाबलं, तीनदा आभार.
महापालिकेत इतकं गोड कधी कुणी बोललं नाही माझ्याशी,
काम मात्र तिथल्याइतकंच झालं.

मग बंटीभाऊंच्या कार्यालयात गेलो.
बाहेर फ्लेक्स, भाऊ हात जोडून,
भोवती टपाल तिकिटाएवढी चाळीस तोंडं.
भाऊ माजी आहेत, भावी आहेत,
आत्ताचं तेवढं कुणीच नाही.
आतला पोरगा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला,
काका, तुमचा विषय पार अमेरिकेचा आहे,
गटारीचं असेल तर बोला.
म्हटलं, गटारीचंही आहे.
मग त्याचं ॲप आहे, म्हणाला.

ॲपवर मी आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा टाकला,
फोटोसकट. पाण्यात कुणाची तरी एक चप्पल तरंगत होती.
चौथ्या दिवशी निरोप आला: तक्रारीचे निवारण झाले आहे.
खाली पुरावा. गुळगुळीत रस्ता, दुभाजकावर बोगनवेल.
फार सुंदर रस्ता आहे.
कुठे आहे तेवढं सांगा,
संध्याकाळी बायकोला घेऊन चक्कर मारून येईन.

बागूलांनी खोली मागितलीय, दिवाळीपर्यंत.
सिंहस्थाला लोक उतरवणार आहेत.
'रामकुंड फक्त वीस मिनिटे', पाटीचा मजकूरसुद्धा तयार आहे,
एका रात्रीचे साडेतीन हजार.
मी महिन्याचे सात देतो.
हिशेब मलाही येतो, म्हणून भांडलो नाही.
माणूस चहा पाजून सांगत होता,
जिन्यात आमच्या सायकलीला हवासुद्धा भरून दिली त्यांनी.

पाथर्डी फाट्याच्या पुढे जाऊन आलो.
इमारतीचं नाव इटालियन, पाणी टँकरचं.
एजंट म्हणाला, इथे द्राक्षबाग होती, व्ह्यू बघा.
बघितला. व्ह्यूमध्ये दुसरी इमारत
आणि तिच्या गॅलरीत एक माणूस,
तोही बहुतेक व्ह्यू बघायला आलेला.
डिपॉझिट ऐकून दोघांनी खालचा रस्ता धरला.

माझी थोरली, हर्षाली. बीएस्सी झालीय.
रात्री दहा ते चार चित्रांवर चौकोन काढते.
कुठल्या तरी देशातले रस्ते येतात स्क्रीनवर,
त्यातला खड्डा शोधायचा, त्याला चौकट घालायची,
म्हणजे यंत्राला कळतं खड्डा म्हणजे काय.
एका चौकटीचे साठ पैसे.
विचारलं, आपली गल्ली येते का गं कधी?
म्हणाली, नाही हो पप्पा, तिकडचे रस्ते इतके चांगले असतात
की एकेक खड्डा सापडायला जीव जातो.
आपल्याकडचे पाठवले असते
तर पावसाळ्याभरात फ्लॅट झाला असता आपला.
हसलो दोघं. तिची आई आतून ओरडली,
चार वाजले, झोपा आता.

रविवारी गेटला लावून उरलेला ऑइलपेंट काढला,
शटर खाली ओढलं,
आणि फूटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं:
चालू आहे.
'ळ'ला तर हातच लागला नाही, एवढं सोपं वाक्य.
पानवाला सुकदेव म्हणाला, झकास भो, लांबून दिसतंय.

सोमवारी सकाळी शटर वर केलं
आणि अक्षरं गडगडत गुंडाळून वर निघून गेली.

आता मी आत असलो की ते दिसत नाही.
रात्री कुलूप लावून चार पावलं गेलो की
खांबावरच्या दिव्यात, तो लागलाच तर,
गल्लीभर वाचता येतं.