टोपण

दोन हातांनी नाही.
टोपण ट्रेमध्ये आडवं ठेव
आणि एकाच हाताने सुई सरकव त्याच्यात,
गळाला मासा लागावा तसं लागू दे.
मग ट्रेच्या कडेला टेकवून दाब.
दुसरा हात?
दुसरा हात पाठीमागे. शाळेत
छडी चुकवायला ठेवायचीस ना, तसा.

हसू नकोस, तस्लीम.
अठरा दिवस झालेत तुला
सहकारनगरातल्या या दुसऱ्या मजल्यावर,
खाली झेरॉक्सचं दुकान, वर आपण आणि डॉक्टर ओगले,
आणि अजून तुझे दोन्ही हात एकदमच पुढे येतात.
माझेही यायचे.
लोणच्याची बरणी, दुधाचं पातेलं, तोंड,
सगळं दोन हातांनी झाकायलाच शिकवतात आपल्याला.

त्या दिवशी फोन वाजला
आणि मी मान वळवली, एवढंच.
डाव्या तर्जनीत गेली.
मोहरीएवढा थेंब, हातमोज्याच्या आत, गुलाबी.
खुर्चीतल्या काकांना काही कळलं नाही,
त्यांचं तोंड बधिर केलेलं होतं.
माझं आपोआप झालं.

बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही.
वाहत्या नळाखाली धर, साबण लाव,
आणि त्याच मिनिटाला सांग. ओरडून सांग.
मी बोट तोंडात घातलं होतं,
गवार निवडताना काही टोचलं की घालतो तसं.
सांगितलं ते पाचव्या दिवशी.
तोवर ज्या गोळ्या घ्यायच्या होत्या
त्यांची वेळ टळून गेली होती.
आणि कावीळ-बीच्या लशीचा तिसरा डोस?
तो मी भावाच्या लग्नात विसरले होते.

दीड महिना. तीन महिने. सहा.
नेलकटर वेगळा केला, उशी वेगळी केली.
नवऱ्याला वाटलं, रुसलीय.
समजूत घालायला गजरा आणायचा बिचारा.
पाकीट आलं तेव्हा जिन्यातच फाडलं.
काहीही नव्हतं.
पेढे आणले पाव किलो
आणि कशाचे ते न सांगता वाटले.

हे सगळं तुला कालच सांगणार होते.
पण काल गुरुवार होता.
साडेअकराला वीज गेली,
ऑटोक्लेव्ह अकराव्या मिनिटाला गप्प झाला,
आणि खुर्चीत पर्वतीवरून आलेल्या बाई,
गाल धरून, डोळ्यांत पाणी.
डॉक्टर म्हणाले, स्पिरिटने पुसून घ्या ना,
एवढ्यापुरतं.

तू पाकीट खिडकीशी नेलंस.
उजेडात धरलंस. म्हणालीस,
"सर, पट्टीवरची रेघ काळी झालेली नाही."

पंखासुद्धा बंद होता, त्यामुळे
ते सगळ्यांना फारच स्पष्ट ऐकू आलं.
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बाईच शेवटी म्हणाल्या, थांबते मी,
आणि पेन्शनरांच्या जुन्या मासिकाने
वारा घेत बसल्या पावणेदोनपर्यंत.

तुला माहीत नाही, तस्लीम,
तू पाठमोरी होतीस,
चौदा वर्षांचा माझा हात तेव्हा
स्पिरिटच्या बाटलीवर होता.
बूच उघडलेलं होतं.

वीज आली. मशीन फुसफुसलं.
तू बाराव्या मिनिटापासून नाही,
पहिल्यापासून लावलंस.

रात्री धनकवडीत मुलीच्या वहीवर
शाईचं पेन उघडंच पडलं होतं.
टोपण आडवं ठेवलं, एका हाताने गेले त्याच्यावर,
चुकलं. परत गेले.
ती म्हणाली, आई, हे काय चाललंय?
म्हटलं, काही नाही, झोप.
दुसरा हात
पाठीमागे होता.