ठराव क्रमांक सात

सभेला पाच सदस्य, एक थर्मास,
खिडकीबाहेर उणे एकतीस.
विषय : उत्तरेचा चार मैलांचा रस्ता.
टोकाला आता एकटी टिली फ्रीसन
आणि तिची आंधळी घोडी.
दोघींसाठी बर्फ उपसायचा
तर डिझेल कुणाच्या खात्यात?
ठरलं : पुढच्या महिन्यात बघू.
मी लिहून घेतलं.

पहाटे ओरेस्टचा ग्रेडर उत्तरेला वळला.
पिवळा दिवा फिरत राहिला
बर्फातून डोकावणाऱ्या गव्हाच्या धसकटांवर.
नोंदवहीत त्यानं एवढंच खरडलं :
‘मागे वळायला जागा मिळाली नाही.’
चार मैल!

मार्चमध्ये हिशेब तपासताना
पाचही जणांनी ते वाचलं.
कुणी काही बोललं नाही.
टेबलावर टिलीच्या बिटाच्या लोणच्याची बरणी होती,
अर्धी संपलेली.
तिची नोंद
मी केली नाही.