एक टप्पा

उजळाईवाडी ते हैदराबाद,
आकाशातनं सरळ चारशे पंचेचाळीस किलोमीटर,
वेळ एक तास दहा मिनिटं.
अण्णांनी हे तिकिटाच्या मागं लिहून घेतलं
आणि सहानं भागलं.
"चौऱ्याहत्तर टप्पे," म्हणाले,
"वर एक किलोमीटर उरतो. तो सोडला."

सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर, बिल्ला नंबर ४४१७.
रस्त्यानं ती वाट त्यांना पाठ:
मिरजेला चहा, सांगोल्याला पाय मोकळे,
सोलापुरात ड्रायव्हर बदलायचा,
उमरग्याला पहाटेची थंडी
न बसणाऱ्या खिडकीतनं थेट गुडघ्यावर.
विमानाच्या वाटेत एकही गाव नाही
हे काही त्यांना पटेना.
"मग मधल्या माणसानं चढायचं कुठं?"

हौसाआत्याला ऐकू येईनासं झालंय.
फोनवर दोघं नुसती ओरडतात,
जेवलीस का, जेवलास का,
आणि दमून ठेवून देतात.
म्हणून हे तिकीट.

तपासणीच्या दारात यंत्र किंचाळलं.
खिशात चिमटा. तिकिटं टोचायचा.
निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा करायचा राहून गेलेला.
(राहून गेला, असं ते सांगतात.)
कोवळ्या मिशीच्या जवानानं तो उलटसुलट पाहिला,
हिंदीत विचारलं, हे हत्यार आहे का?
"होतं," अण्णा म्हणाले, मराठीत.

चिमटा दारापाशी माझ्याकडं परत आला.
अजून गरम होता.

विमान उठलं ते मी पार्किंगमधनं बघितलं.
मग गाडी काढली
आणि शाहू नाक्याच्या अलीकडं अडकले.
ऊसाच्या दोन ट्रॉल्या, मागची कलंडलेली,
ट्रॅक्टरवरचं गाणं तसंच चालू.
माणसं मोळ्या बाजूला ओढत होती,
ओढता ओढता एखादं कांडं गुडघ्यावर मोडून
चोखत उभी राहत होती.
मी इंजिन बंद केलं.
आता सोलापूर कुठंतरी डावीकडं गेलं असेल.
ड्रायव्हर न बदलता.
त्यांचा हात वर गेला असेल का, दोरीसाठी?
वर काय असतं तिथं? दिवा असतो म्हणे, आणि वाऱ्याचं भोक.

फोन आला.
"पोचलो बघ. बॅग फिरतीया पट्ट्यावर,
चटणीचा वास सुटलाय सगळीकडं.
तू कुठं हाईस?"
"शाहू नाक्याच्या अलीकडं."
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, रेंज गेली.
"टप्पा भरत न्हाई तुझा," ते म्हणाले,
"पर एक धरावा लागतोय. नियम हाय. सुट्टे हायत का?"

पार्किंगची चिठ्ठी डॅशबोर्डवर होती.
मी ती चिमट्यानं टोचली.
एक बारकी गोल टिकली
पायाशी पडली, सापडली नाही पुन्हा.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, दोनदा.
दोनदा म्हणजे चला.
पुढं ऊस.