शेवटून पहिली

सोमवार ते शनिवार मी वीजबिलाच्या खिडकीत,
रांग माझ्यासमोर.
रविवारी सेमिनरी हिल्सवर
मी रांगेच्या मागे.
गटाला शेपूट लागतं, नलूबाई उरकुडे म्हणाल्या,
पुढे वाट ठाऊक असलेलं कोणी,
मागे मोजता येणारं कोणी.

मोजता मला येतं.
एकोणीस.

होळीच्या सुट्टीत पाच दिवस सातपुडा.
त्याआधी सहा रविवार ही टेकडी.
बूट चावणारच असेल तर इथं चावू द्या, म्हणतात बाई,
इथून ऑटो मिळतो.

बाई कॉलेजात शिकवत नव्हत्या.
तीस वर्षं प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुतल्या,
पानं दाबली, लेबलं चिकटवली.
म्हणून नावाआधी त्यांचा हात जातो.
"डोळे मिटा. सांगा, हे कोण?"
वऱ्हाडपांडे साहेब दरवेळी सागवान म्हणतात,
कधीतरी बरोबर येईल या हिशोबानं.
"खरवत आहे जी. आई माझी यानं तवा घासायची."

मग बसकण मारून दगड दाखवतात.
काळा, सच्छिद्र, उन्हानं आत्ताच तापू लागलेला.
हा रस पश्चिमेकडून वाहत आला
आणि आपल्या गावापाशी दमला.
भंडारा रोडनं जा, दगडाचा रंगच बदलतो.
म्हणजे आपण काठावर राहतो, कोणीतरी म्हणतं,
आणि सगळे पायाखाली बघतात,
जणू सकाळी घर सोडताना
हे कळायला हवं होतं.

माझ्या पुढे, म्हणजे शेवटून दुसरे,
श्रावण पराते. वय एकाहत्तर. गोळीबार चौक.
फॉर्मवर 'आजार' या शब्दापुढे लिहिलेलं:
मागाचे कान.
मी वाचलं, मागचे कान.
वाटलं, पुढच्या कानांचं काय?

चाळीस वर्षं माग चालवला त्यांनी,
मागानं कान ठेवून घेतले.
बाई बोट वर करतात, सगळे थबकतात,
तेही थबकतात, शिष्टाचार म्हणून.
वहीत त्यांच्या चार रकाने:
पक्षी, रंग, झाड, आवाज.
चौथा कोरा.
पण रंग असे लिहितात की बाईसुद्धा मागून घेतात वही:
'पोट, कोऱ्या सुताचं. पाठ, दोनदा बुडवलेली.'

सहाव्या रविवारी पळस पेटला होता
आणि उंबरावर तांबट बसला होता.
टुक. टुक. टुक. टुक.
एकच अक्षर, एकाच अंतरानं,
वरचा शेंडा सोडून कुठंच न दिसणारा.
सगळे माना वर करून.
पराते दादा माझ्याकडे बघत, भुवया उंचावून:
काय चाललंय?

मला सांगता येईना.
मी त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं
आणि वाजवत राहिले.
तो थांबला की थांबले.
तो लागला की लागले.

बराच वेळ त्यांनी काहीच केलं नाही.
मग उजवा पाय आपोआप
पायडी दाबल्यासारखा हलू लागला.
"अरे," ते म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
आणि तांबट उडाला,
"हा तर आमच्या घरचा आहे!"

वऱ्हाडपांडे साहेब चिडले, फोटो हुकला.
बाई काही बोलल्या नाहीत.
पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली.

सातपुड्याचं काय सांगू.
थंडी होती. वाळूच्या दगडाचे कडे होते, लाल,
एके काळी नदीचा तळ असलेले, असं बाई म्हणाल्या.
दोघांचे बूट चावलेच.
मी शेवटी चालले, आणि कुठं काही बोललं
की दादा न वळता खांदा थोडा मागे करायचे.
चौथा रकाना भरत गेला,
ठिपके, रेघा, मधली जागा.
मला वाचता येत नाही ते.

पहाटे चारला गणेशपेठेत बस थांबली.
एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीस.

आता खिडकीत बसून शिक्के मारते
तर हात मध्येच त्या अंतरावर जातो.
टुक. टुक.
काचेपलीकडून कोणी म्हणतं,
"काहून थांबल्या हो मॅडम? उरका ना."
रांगेत शेवटी कोण आहे,
ते मी आधी बघून घेते.