उर्फ

रात्रीचे पावणेदोन. हिंगणा एमआयडीसी.
कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसताच गरगरतोय.
टेबलावर तळहाताएवढा बोर्ड,
कळमेश्वरच्या संत्र्यांच्या शीतगृहासाठी;
आणि त्यावरचा तापमान मोजणारा काळा दाणा
दोन तासांपासून गप्प.

वीज पोचतेय. मल्टिमीटर म्हणतो, जिवंत आहे.
पण कर्नलमध्ये त्याची विचारपूस करणारं कुणी नाही.
चूक दाखवत नाही, शिवी देत नाही,
पानंच्या पानं लॉग, त्यात याचं नाव नाही.

यूएसबीवाले बरे. दारातच सांगून टाकतात
घराणं, नंबर, काय काम करतो ते.
हे दोन तारांवरचे गरीब
विचारल्याशिवाय बोलत नाहीत,
आणि कुणाला विचारायचं, ते आधी
डिव्हाइस ट्रीत कुणीतरी लिहावं लागतं:
कुठली तार, कुठला पत्ता, नाव काय.
तेच नाव ड्रायव्हरच्या यादीत हवं,
अक्षर न् अक्षर.
जवळपास चालत नाही.

दुपारी बाबांचा फोन होता, पीएफ ऑफिसातून.
"नाव जुयत नाही म्हणे.
मी तं खिडकीसमोर उभाच होतो ना माय!
हात लावून पाहा म्हणलं."
कन्हानच्या कारखान्याच्या कागदावर टेंभुर्णे,
आधारवर टेंभूरने.
नंतर या.

नंतर, असं कर्नलही म्हणतो.
वीज देणाराच अजून उठला नसेल
तर थांबवून ठेवतो एखाद्याला यादीत.
पण दुसरं कुणी कामाला लागलं
की आपणहून फिरतो त्या यादीवरून:
आता जमतं का? तुझं? तुझं?

बाबांना अजून कुणी विचारलेलं नाही.

अडीचला सापडलं. एक आडवी रेघ.
नावाच्या मधली, मीच खाल्लेली, घाईत.
घातली. बोर्ड बंद करून चालू केला.
छत्तीस पूर्णांक आठ.
खोलीचं असेल. किंवा माझं,
बोट टेकलेलं होतं दाण्यावर.

तिथे एकाला दोन नावं लिहायची सोय आहे:
आधी नेमकं,
ते न जुळलं तर त्याच्यानंतरचं.
उद्या कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या
वासनिकांकडून स्टॅम्पपेपरवर तेवढंच घ्यायचं:
टेंभुर्णे उर्फ टेंभूरने, दोन्ही एकच इसम.

त्यांना सांगायला हवं,
सावकाश टाइप करा.